एकच केस, दोन वर्ग: कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र एकत्र शिकायचं म्हणजे काय?

"मावशी, मला लॉ करायचंय आणि क्रिमिनॉलॉजीपण. दोन्ही एकदम करता येतं का?" बारावीच्या सुट्टीत भाचीने हे विचारलं, तेव्हा तिच्या बाबांनी पेपरातून मान वर न काढता निकाल देऊन टाकला, "एक काहीतरी ठरव. वकील व्हायचंय की डिटेक्टिव्ह?"

बाबांना दोष देत नाही. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हातमोजे घालून रक्ताचे डाग शोधणारा माणूस येतो. तो वेगळ्या खात्यातला आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. भाचीला व्याख्या सांगत बसण्यापेक्षा मी तिला माहीत असलेली एक केस घेतली आणि तीच दोनदा सांगितली.

१९ मे २०२४ ची पहाट, पुण्याचं कल्याणीनगर. भरधाव पोर्शे गाडीची मोटरसायकलला धडक बसली आणि दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच दिवशी बालन्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा. पुढचे पंधरा दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता.

आता हीच केस कायद्याच्या वर्गात नेऊ. तिथे सर पहिला प्रश्न विचारतील तो असा, की इथे लागू होणारा कायदा कोणता? आरोपी अठराच्या आतला, म्हणजे २०१५ चा बालन्याय कायदा. त्याचं कलम १२ उघडा. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामिनावर सोडायचं, असं ते सांगतं. अपवाद तीनच: सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, त्याला स्वतःला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असेल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरणार असेल. म्हणजे ज्या जामिनावर आपण सगळे तापलो, तो कायद्याने मुळात नियम होता. ओरड झाल्यावर मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. मग सर विचारणार, दिलेला जामीन कायम ठेवून असं पाठवता येतं का? मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ ला सांगितलं की येत नाही, आणि मुलाला सोडायला लावलं.

पुढे कलम १५. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने 'जघन्य' गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढ म्हणून चालवायचं की नाही ते ठरवायचं. जघन्य म्हणजे काय, हे कायद्यातच लिहिलंय: ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. या 'किमान' शब्दावर थांबा. या प्रकरणात लावलेल्या सदोष मनुष्यवधाला शिक्षा मोठी आहे, पण तिची खालची मर्यादा सात वर्षं अशी कुठे लिहिली आहे का? कायद्याचा विद्यार्थी अशा एका शब्दावर दोन तास वाद घालू शकतो, आणि घालावेत. इथे दोन तासांवर कुणाची तरी दहा वर्षं अवलंबून असतात. जुलै २०२५ मध्ये मंडळाने या मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

मधली सुट्टी झाली असं समजा आणि तीच केस घेऊन शेजारच्या वर्गात या.

इथल्या बाई कलम विचारणार नाहीत. त्या विचारतील, रेषा अठरावर का, सतरावर किंवा एकवीसवर का नाही? मग फळ्यावर एक आलेख काढतील. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर गुन्ह्यांचं प्रमाण. रेषा तेरा-चौदापासून चढते, विशीच्या आसपास टोक गाठते आणि मग उतरत जाते. अनेक देशांत, अनेक काळांत थोड्याफार फरकाने हाच आकार दिसलेला आहे. याचा अर्थ, पोरवयात कायदा मोडणारी बरीच माणसं पुढे कोणी काही न करताही सुधारतात. मग त्यांना प्रौढांच्या तुरुंगात घातलं तर उतरणारी रेषा लवकर उतरते की वर अडकून राहते?

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा. त्याच आठवड्यात मोबाइल चोरीच्या संशयावरून पकडलेल्या, झोपडपट्टीतल्या सतरा वर्षांच्या किती मुलांना काही तासांत जामीन मिळाला? कलम १२ त्यांच्यासाठीही तेच आहे. कायदा सारखा असून अनुभव वेगळा का, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. ते शोधायला मंडळाच्या बाहेर बाकावर बसावं लागतं, आदेश मोजावे लागतात, आईवडिलांशी बोलावं लागतं.

तिसरा प्रश्न निबंधाचा. आपण त्यावर हसलो, चिडलो. पण शिक्षेने माणूस बदलतो की नाही, हे हसून ठरत नाही. १७६४ मध्ये इटलीतल्या चेझारे बेक्कारिया या तरुणाने मांडलं होतं की शिक्षा किती कडक आहे, यापेक्षा ती होणारच ही खात्री आणि ती किती लवकर होते, यांनी माणूस जास्त आवरतो. या कसोटीवर निबंधापेक्षाही मोठी अडचण त्या प्रकरणातल्या दुसऱ्या आरोपात आहे, रक्ताचे नमुने बदलल्याच्या. त्यावरून डॉक्टरांना अटक झाली. कायद्याचा विद्यार्थी इथे पुराव्याची साखळी पाहील: नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुणी पोचवला. गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी पाहील की शिक्षा चुकवण्याची सोय कुणाकुणाला परवडते.

भाची म्हणाली, "म्हणजे एका वर्गात उत्तर मिळतं आणि दुसऱ्यात फक्त प्रश्न?" जवळपास तसंच. कोर्टाला कुठल्यातरी तारखेला निकाल द्यावाच लागतो. गुन्हेगारीशास्त्रावर ती सक्ती नसते. म्हणून एकट्या गुन्हेगारीशास्त्राने माणूस कधीकधी नुसता टीकाकार होतो, आणि एकट्या कायद्याने नुसता कारकून. हे माझं मत, आणि ते दोन्ही बाजूंच्या मित्रांना आवडत नाही.

आता थोडा इतिहास, भराभर. बेक्कारियानंतर शंभरेक वर्षांनी, १८७६ मध्ये, लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून ओळखू येतं. मग लोकांनी मोजपट्ट्या घेऊन तुरुंगांतली डोकी मोजली. पुढे ते सगळं खोटं ठरलं, आणि आज पहिल्या सत्रात लोंब्रोसो शिकवताना वर्ग हसतो.

भारतातल्या वर्गाने फार हसू नये. लोंब्रोसोच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इथे इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' आणला होता. त्याला कवटीही मोजावी लागली नाही. जात पुरेशी होती.

दोन्ही विषय एकत्र का शिकायचे, हे मला ज्या एका उदाहरणाने पटलं ते हेच, म्हणून इथे जरा रेंगाळते. सुरुवातीला उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. एखादी जमात सरकारने 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित केली की त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदवहीत जायचा. बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. अनेकांना सेटलमेंटमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या वसाहतीत, ठेवलं. सोलापुरात अशी मोठी सेटलमेंट होती, तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात, आणि आजही सोलापूरकर त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी, कंजारभाट. महाराष्ट्राला ही नावं परकी नाहीत.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर प्रक्रिया चोख होती. कायदा रीतसर मंजूर झालेला, अधिसूचना राजपत्रात छापलेली, हजेरी चुकवली तर शिक्षेचं कलम. आणि हजेरी चुकवणाऱ्याला शिक्षा झाली की नोंद वाढायची: या जमातीत गुन्हे जास्त. त्या नोंदीच्या आधारावर जमात पुन्हा गुन्हेगार. अमेरिकेतल्या हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये लेबल लावण्याचा सिद्धान्त मांडला, की एखादी कृती 'गुन्हेगारी' ठरते ती तिच्यातल्या गुणामुळे कमी आणि इतरांनी लावलेल्या शिक्क्यामुळे जास्त, आणि मग शिक्का बसलेला माणूस त्या शिक्क्याप्रमाणे जगायला लागतो. हा सिद्धान्त परीक्षेत पाच गुणांना येतो. सेटलमेंटमध्ये तीन पिढ्यांना आला होता.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. भटके विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने 'सराईत गुन्हेगार' कायदा केला. जातीचं नाव गेलं, व्यक्तीचं आलं. नोंदवही आणि पाळत राहिली. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, हे तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा.

यातून आजच्या कायद्यातलं एक कलम कसं वेगळं दिसायला लागतं ते सांगते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ४७९ कच्च्या कैद्यांसाठी आहे. खटला संपला नसताना कमाल शिक्षेची निम्मी मुदत आत काढली असेल, तर जामिनावर सोडायचं. याआधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला तर एक तृतीयांश मुदत पुरे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत. कलम चांगलंच आहे, आणि गरजेचंही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. शंभरातले जवळपास शहात्तर.

पण ४७९ चं दुसरं उपकलम वाचा. एकाहून जास्त केसेस चालू असतील, तर हा लाभ नाही. कायद्याच्या वर्गात ही सरळ, शहाणी अट वाटते. सराईताला सवलत कशाला? गुन्हेगारीशास्त्र शिकलेला मुलगा मात्र विचारेल की एकाच माणसावर चार केसेस पडतात कशा. त्याने चार चोऱ्या केल्या म्हणून, की चार चोऱ्यांच्या वेळी संशयितांच्या यादीत वरचं नाव त्याचं होतं म्हणून? दोन्ही शक्य आहे. कुठल्या जिल्ह्यात काय घडतं, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. पण निदान प्रश्न सुचला, तर त्याच्या वकिलाला युक्तिवादाची एक दिशा मिळते.

कधीकधी या प्रश्नांनी कायदाच बदलतो. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि पुढे खटला चालला. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा तो तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुद्दा साधा होता. रात्रीच्या वेळी ठाण्याच्या आत, खाकी वर्दीपुढे उभी असलेली गरीब मुलगी ओरडली नाही, याला संमती म्हणायचं की भीती? दबून जाणं आणि मान्य असणं या दोन गोष्टी आहेत. पीडितांचा अभ्यास करणारी गुन्हेगारीशास्त्राची एक वेगळी शाखाच आहे, तिच्यात हे पहिल्या धड्यात येतं. पत्रानंतर देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा सुधारला: कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच गृहीत धरायचं ठरलं.

आकड्यांबद्दल एकच सावधगिरी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अहवाल काढतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की अमुक शहरात गुन्हे वाढले. वाढल्या त्या नोंदी. लोक तक्रार द्यायला पुढे यायला लागले किंवा ठाणेदार ती घ्यायला लागले, तरी आकडा चढतो. शिवाय एका एफआयआरमध्ये खून आणि दरोडा दोन्ही असले, तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरतात. गुन्हेगारीशास्त्रात थोडं संख्याशास्त्र येतं ते यासाठी. गणित टाळायला लॉ घेतलेल्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं.

आता भाचीचा मूळ प्रश्न: एकदम करता येतं का?

ब्रिटनमध्ये सहज येतं. 'लॉ विथ क्रिमिनॉलॉजी' किंवा 'लॉ अँड क्रिमिनॉलॉजी' अशा तीन वर्षांच्या पदव्या तिथे भरपूर आहेत. 'विथ' असेल तर साधारणपणे कायदा मुख्य आणि दुसरा विषय जोडीला, 'अँड' असेल तर बरोबरीचा वाटा. माहितीपत्रकात हा एक शब्द नीट वाचावा. पण परतून इथे वकिली करायची असेल, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली हवी आणि वर पात्रता परीक्षाही द्यावी लागते. पन्नास लाखांचं कर्ज काढण्याआधी हे पाहायचं, नंतर नाही.

आपल्याकडे वाट जराशी शिवून घ्यावी लागते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांसाठी एमएच-सीईटी, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट, या प्रवेश परीक्षा. या पदवीत फौजदारी कायदा, प्रक्रिया आणि पुरावा हे सक्तीचे. गुन्हेगारीशास्त्र बहुतेक ठिकाणी एखादा ऐच्छिक पेपर, 'गुन्हेगारीशास्त्र आणि दंडशास्त्र' अशा नावाचा. एका सत्रात लोंब्रोसोपासून खुल्या कारागृहापर्यंत सगळं उरकतात. तेवढ्यावर समाधान मानू नका.

मग एलएलबी करताकरता बाजूला दुसरी नियमित पदवी घ्यावी? इथे सांभाळा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या पदवीबरोबर दुसरा नियमित अभ्यासक्रम चालत नाही, एकाच संस्थेचा एकात्मिक अभ्यासक्रम सोडून. दूरशिक्षणाला सूट आहे. 'हल्ली दोन पदव्या चालतात' हे कुणीतरी सांगेल. ते ऐकून फी भरू नका, महाविद्यालयाकडून लेखी घ्या.

मला सगळ्यात पटणारा क्रम असा: आधी समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात बीए, मग तीन वर्षांचा एलएलबी, आणि त्यानंतर गुन्हेगारीशास्त्रात पदव्युत्तर किंवा फौजदारी कायद्यात एलएलएम. वर्षं जास्त लागतात, हे खरं. सागर विद्यापीठात १९५९ पासून हा विषय आहे, धारवाड आणि मद्रास विद्यापीठांतही विभाग आहेत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने तो समाजकार्याच्या अंगाने वाढवला. तिचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत कच्च्या कैद्यांबरोबर काम करतो. पुस्तकाबाहेरचं गुन्हेगारीशास्त्र कसं दिसतं, ते पाहायचं असेल तर अशा ठिकाणी उन्हाळ्यात काम करावं.

हातमोजेवाला माणूस राहिला. तो न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिकचा. रसायन, जीवशास्त्र, ठसे, डीएनए. त्याला बीएस्सी लागतं. मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी संस्था आहेत, आणि गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची एक शाखा गोव्यात फोंड्याजवळ आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक पथकाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होतंय, त्यामुळे मागणी वाढेल. पण 'कुणी केलं' हा त्याचा प्रश्न, 'का होतं' हा गुन्हेगारीशास्त्राचा, आणि 'सिद्ध झालं का' हा वकिलाचा.

नोकरीचं थोडक्यात. 'गुन्हेगारीशास्त्रज्ञ' अशी पाटी लावून बसायची सोय आपल्याकडे नाही. पोट कायद्यावर भरतं: वकिली, सरकारी वकिलाची परीक्षा, न्यायाधीश परीक्षा (तिला मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे). दुसरा विषय कामी येतो तो विधी सेवा प्राधिकरणात, परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) कामात, तुरुंग प्रशासनात, संशोधनात. आणि शिक्षा सुनावण्याच्या वेळी. भारतीय न्याय संहितेत पहिल्यांदा पाच हजारांच्या आतली चोरी करणाऱ्याने मुद्देमाल परत केला तर 'सामुदायिक सेवा' ही शिक्षा आहे. कसली सेवा द्यायची? रस्ता झाडायला लावायचं की काही शिकवायचं? कलम तिथे गप्प आहे. पक्षकाराच्या वतीने उभं राहून ठोस काही सुचवणारा वकील अशा वेळी उपयोगी पडतो.

भाचीला मी एक गृहपाठ दिला. आपल्याकडे फौजदारी कोर्ट सगळ्यांसाठी खुलं असतं. बालन्याय मंडळ नाही, पण न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट असतं. म्हटलं, फोन बंद करून मागच्या बाकावर बस, रिमांडच्या वेळी, म्हणजे पकडलेल्यांना कोठडीत ठेवायचं का ते ठरतं तेव्हा. वहीच्या पानाच्या डाव्या बाजूला कलमं लिही. उजव्या बाजूला प्रत्येक माणसाला किती मिनिटं मिळाली ते.

दोन दुपारी बसून आली. डावी बाजू अर्धी कोरी होती, कारण पुकारलेली कलमं तिला ऐकूच आली नव्हती. उजवी बाजू भरलेली होती. सगळ्यात मोठा आकडा होता चार.